दोन तारा नि एक डबा

मले कोणी विचारलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कोणी म्हणू नये का दुर्गाबाईनं नवऱ्याले पुढं ढकललं. सभा झाली मधुकररावाच्या अंगणात, ठराव मांडला अश्विननं, नि मी आपली यायची खुर्ची उन्हातून सावलीत नि सावलीतून उन्हात सरकवत बसली होती. थंडीचे दिवस होते. सावलीत अंग गारठते, उन्हात डोकं तापते. बाईले एवढं काम पुरते.

यायची म्हणलं ते हे, माहे मालक, मोतीलाल हेडाऊ. भंडाऱ्यात जुन्या माणसाले विचारा, विमानवाले मोतीलाल म्हणून घर दाखवून देईल. आमचं घर कोष्ट्याचं, धंदा मागाचा. पण कॉलेजात एनसीसीत गेले तवापासून यायचं डोकं विमानात. माग सुटला, सुताचं दुकान आलं, दुकान बी आता बंदच हाये, पण विमान काही सुटलं नाही.

विमान म्हणलं का लोकायले रिमोटचं वाटते. हे ते नोहे. हे तारेचं. हलक्या लाकडाचं, पुढं खरंखुरं इंजिन नि गरगर फिरणारा पंखा, नि एका बाजूच्या पंखातून दोन बारीक पोलादी तारा निघालेल्या. तारायचं टोक एका लाकडाच्या मुठीले बांधलेलं. मूठ धरणारा रिंगणाच्या मधोमध उभा राहून गरगर फिरते, विमान त्याच्या भोवती फिरते. मूठ अशी कलवली का चढते, तशी कलवली का उतरते. इंजिन एकदा लागलं का टाकी रिकामी होईपर्यंत कोणाच्या बापाले बंद होत नाही. तवर फिरा. चक्कर येवो, उलटी येवो, फिरा.

अन् मी सोडणारी. विमान सुरू झालं का कोणीतरी ते मागून धरून ठेवा लागते, उडवणाऱ्यानं खूण केली का सोडा लागते. लग्न होऊन आली त्याच साली यायनं मले रिंगणाच्या कडेले बसवलं, लुगड्याचा पदर खोचायले लावला नि म्हणाले, "धर." सासू महिनाभर बोलली नाही. तवापासून मीच सोडते. नवरी होती तवा सोडलं, पोटुशी होती तवा बी सोडलं.

ह्या नोहे, त्याच्या आधल्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी हे आंघोळीचं पाणी अंगावर घेतानी पडले. लकवा. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, नि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाला, समजते सगळं, बोलता येत नाही. बोलायले गेले का नुस्तं "हं" निघते. हो चं बी हं, नाही चं बी हं.

मी रडली नाही. लोकं म्हणाले बाई धीराची हाये. धीर कायचा डोंबलाचा, मले काही वाटतच नव्हतं. उठायचं, यायले उठवायचं, पुसायचं, भात मऊ कालवायचा, चहा थंड करून बशीनं पाजायचा. हळू बोलायचं. भांडं बी हळू ठेवायचं. आधी आमच्या घरात इतका आवाज असे का शेजारची चंद्रभागाबाई भिंत ठोके. हे असे आडदांड, नि मी काही कमी तोंडाची नोहो. आता सगळं गपगार झालं. फागुनात लाखांदूरले माहा भाऊ वारला. सख्खा भाऊ, पाठचा. गेली, सगळं केलं, येतानी एसटीत खिडकीजवळ जागा भेटली तं शेंगा घेतल्या नि खाल्ल्या. पवनी आली तवा ध्यानात आलं का आपण शेंगा खाऊन राहिलो. मनात म्हणलं, दुर्गे, तुहं काही खरं नाही. नि उरलेल्या बी खाल्ल्या.

तं सभेचं सांगत होती. कारध्याच्या अंगाले, नदीच्या पल्याड, भातगिरणीच्या मागं जी पडीत जागा हाये, तेथं आमच्या विमानवाल्यायच्या मंडळाची स्पर्धा भरते. दर साली संक्रांतीच्या मागंपुढं. अश्विन म्हणजे यायचाच चेला. मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाये त्याचं, दोन लेकरायचा बाप झाला, पण "काका, काका" करत रोज सांजच्याले येते. यायच्या हातचा शिकलेला, अन् मंग तार सोडून रिमोटच्या विमानात गेलेला. म्हणून मधुकरराव त्याच्यावर खार खाऊन होते. मधुकरराव मंडळाचे अध्यक्ष, यायचे शाळेपासूनचे दोस्त, नि नियमाच्या बाबतीत असे कडक का सख्ख्या भावाचं विमान बाद करतीन.

अश्विन उभा राहिला नि म्हणाला, "तारा राहतीन. चढवणं-उतरवणं तारेवरच. फक्त इंजिनले रेडिओ लावू द्या. इंजिन बाहेरून बंद करता आलं पाहिजे, एवढंच. काका खुर्चीवर बसून उडवतीन, डाव्या हातानं. सवय झाली हाये त्यायले."

खरी गोष्ट होती. रोज सांजच्याले खिडकीच्या गजाले रबराचे पट्टे बांधून, डाव्या हातात मूठ देऊन, हा पोट्टा यायले ओढायले लावे. मी भाजी चिरत पाहात राहू. जेवतानी अर्ध्या घासात झोपणारे हे, मूठ हातात आली का डोळे उघडत.

"रिंगणात एक माणूस, दोन तारा," मधुकरराव म्हणाले. "आजवर असंच चाललं. बाहेरून कोणी हात लावंल तं मंग उडवणारा कोण? मोती का बाहेरचा? अन् आज इंजिनाले रेडिओ, उद्या शेपटीले. परवा म्हणसान, तारा कायले पाहिजे, काढून टाका."

"काका रिंगणात पडले तं इंजिन कोण थांबवंल?"

"मंग त्यानं पडू नये."

सगळे माह्याकडे पाहायले लागले. त्यायले वाटलं बाईले लागलं असंल. मी खुर्ची सावलीत घेतली.

अश्विन बी हट्टाले पेटला होता. म्हणे, "तुम्ही बी सत्तरीच्या घरात आले. उद्या तुमच्यावर आली तं?" मधुकररावाचा चेहरा असा झाला का मले वाटलं आता हा उठून जाते. पण ते यायच्याकडे पाहात बसले. अन् मंग म्हणाले, "घ्या मत."

हात वर झाले. यायनं बी डावा हात वर केला. मधुकरराव म्हणाले, "मोती, तुह्यासाठीच ठराव हाये, तुले मत नाही." यायनं हात खाली घेतला नाही. "अबे, खाली घे नं." नाही. मोजून झालं, ठराव पास झाला, चहा आला, तरी हात वरच. मीच धरून खाली केला.

पण मधुकरराव असे सुटू देणारे नोहेत. त्यायनं अट घातली. डबा, म्हणजे तो रिमोटचा डबा, विमान सोडणाऱ्याच्याच गळ्यात राहील, दुसऱ्याच्या नाही. म्हणजे कोणी रिमोटवाला उस्ताद बाहेर उभा राहून कला दाखवंल, ते जमणार नाही. अश्विनचं तोंड उतरलं, त्याले वाटलं होतं डबा आपण धरू. मधुकरराव माह्याजवळ आले.

"वहिनी, ध्यानात ठेवा. तार ताठ राहते ते वेगाच्या भरोशावर. वेग गेला का तार ढिली, नि ढिल्या तारेच्या विमानाले मालक नसते, ते येते सरळ मधातल्या माणसावर. इंजिन एक तं पुरं, नाही तं बंद. मधातलं काही नाही. बंद करायचं तं विमान खाली, हातभरावर आलं का. वर असतानी कमी करायचं नाही."

"भाऊजी," मी म्हणलं, "मी काही कालची आली नोहो."

"मले माहीत हाये. तरी सांगून राहिलो. काही वाकडं झालं तं ठराव त्याच दिवशी रद्द. अन् मोती पुन्हा रिंगणात पाय ठेवणार नाही. मी ठेवू देणार नाही."

घरी येतानी ऑटोत यायच्याकडे पाह्यलं. बाहेर पाहून राहिले होते, अन् डाव्या हाताची मूठ मांडीवर वर-खाली कलवून राहिले होते. बोलता येत नव्हतं, पण एवढं तं आंधळ्याले दिसलं असतं. या माणसाले आता दुसरं काही नको होतं. अन् ते डब्यावरच्या माह्या अंगठ्यावर आलं होतं. मले भेव वाटाले पाहिजे होतं. मी वांगे घ्यायचे राहिले याचा विचार करत होती.

अश्विननं मले डबा शिकवला, आमच्या पलंगावर विमान ठेवून, त्याचा पुढचा पंखा काढून. शिकवाले काय होतं म्हणा. एक दांडी. पुढं केली का इंजिन पुरं, मागं ओढली का कमी, पार मागं ओढली का बंद. इंजिनाजवळ एक नखाएवढी मोटर कुईकुई करे. मी चार वेळा केलं. अश्विन म्हणे, "काकू, तुम्ही तं पक्क्या." मी म्हणलं, "मिक्सर बी येते मले चालवता."

स्पर्धेच्या दिवशी यायची दाढी मी केली. पांढरा सदरा घातला, वरून स्वेटर. कारध्याच्या पुलावर थंड वारा लागत होता, शालीत गुंडाळून नेलं. मैदानावर फक्की मारून मोठं रिंगण आखलेलं, कडेनं लोकं, पोट्टेसोट्टे, भजे तळणाऱ्याची गाडी. नागपूरचे दोघे-चौघे आले होते, गोंदियाचे बी. जो तो यायच्या पाया पडे, जो तो वाकून हळू बोले. "काय काका, बरं हाये नं?" "बसा काका, आरामात." "लोड घेऊ नोका, काका." हे सगळ्यायले "हं, हं" करत होते. मले ते हळू बोलणं ऐकून ऐकून झोप याले लागली. पण कोणाले नावं ठेवू? घरात मी बी तशीच बोलत होती.

रिंगणाच्या मधात खुर्ची. फिरती खुर्ची, अश्विनच्या दुकानातली, चाकं काढून खाली लाकडाची पाटी मारलेली, पाटी खुंट्यायनं जमिनीत ठोकलेली. चौघायनं उचलून यायले बसवलं. अश्विन म्हणाला पट्टा बांधू. यायनं पट्टा असा झिडकारला का बकल त्याच्या गालाले लागलं. पट्टा बांधायचा राहिला. डाव्या पायाचा बूट जमिनीवर, त्याच्यानं रेटून फिरायचं. डाव्या हातात मूठ. मूठ सुटू नये म्हणून मनगटाले दोरी.

मी कडेले बसली. पदर खोचला. डबा गळ्यात, दांडी पार पुढं. अश्विननं पंख्याले बोटानं टिचकी मारली नि इंजिन पेटलं. तो एरंडीच्या तेलाचा जळका वास, तो कानठळ्या बसवणारा आवाज. विमान हातात थरथरत होतं, धरून ठेवलं. तारा जमिनीवरून पार यायच्या मुठीपर्यंत. मी पाह्यलं. यायनं मान हलवली.

सोडलं.

गेलं बाई! गवतावरून दोन उड्या घेतल्या नि उचललं. लोकायनं आरोळी मारली. हे फिरून राहिले होते. पाय रेटून, कंबर वळवून, हात लांब करून. पहिला फेरा थोडा हालला, दुसरा सरळ. तिसऱ्याले विमान माह्या डोक्यावरून गेलं तवा तारा वाजत होत्या, ताठ. अश्विन माह्या मागं उभा राहून रडून राहिला होता. मोठा माणूस, शेंबूड पुसत. मी पाहात होती. मले वाटलं आता आपल्याले बी काही वाटंल. छाती भरून येईल, घसा दाटंल. काही नाही. विमान फिरत होतं, नवरा फिरत होता, मी दांडीवर अंगठा ठेवून बसली होती.

अन् मंग यायची मान कलली.

डाव्या अंगाले, खांद्यावर. घरी जेवता जेवता कलते तशी. मंग मी उठून मागं उशी देते, ताट बाजूले करते, बशीतला चहा फुंकते. तसंच झालं. कोणी सांगितलं नाही, मनात विचार आला नाही. अंगठ्यानं आपोआप दांडी मागं घेतली. बंद नाही केली. थोडीशी. हळू झालं तं यायले बरं पडंल, एवढंच. इतक्या वर्साची सोडणारी मी, मले माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण अंगठा त्या दिवाळीपासूनचा होता, सगळं हळू करणारा.

आवाज उतरला. विमान वरच्या अंगाले होतं, तेथंच मंद झालं, नि तारा लोंबल्या. मी डोळ्यानं पाह्यलं, दोन्ही तारा लोंबल्या नि विमान आत वळलं. सरळ यायच्यावर.

"फुल दे काकू, फुल!" अश्विन ओरडला. माहा अंगठा लाकडाचा झाला.

तार ढिली झाली का उडवणारा मागं पळते. पळून तार ताणून घेते. हे तं पोट्ट्यायले पहिल्या दिवशी शिकवा लागते. यायले पळता येत नव्हतं. यायनं डावा पाय जमिनीत रोवला, असा रेटा दिला नि स्वताले मागं फेकलं. खुर्चीसकट. खुंट्या उपटल्या, पाटी उलटली, हे पाठीवर धाडकन पडले, हात डोक्याच्या मागं लांब करून. तेवढ्या दीड हातानं तार ताठ झाली. विमानानं नाक वर केलं, यायच्या अंगावरून पल्याड गेलं. मले तवा कोठं दांडी पार मागं ओढाचं सुचलं. इंजिन बंद. ते गवतात टेकलं, उडालं, पुन्हा टेकलं, एक चाक गेलं, पंखा मोडला, पण उभंच राहिलं.

मी धावली. डबा छातीवर आपटत होता. लोकं बी धावले. चौघं-पाचजण यायले उचलाले लागले. "काका, काका, लागलं का?" "चक्कर आली काकाले." "हळू, हळू धरा." "पाणी आणा रे."

मी वाकली. हे माह्याकडे पाहून राहिले होते. त्या दिवाळीपासून हे डोळे मी रोज पाहात होती, गाईवाणी गरीब, जे द्याल ते खाईन असे. हे डोळे ते नव्हते. हे चिडले होते. माह्यावर. यायनं डावा हात, मनगटाले मूठ लोंबत असलेला, उचलला नि माह्या गळ्यातल्या डब्यावर असा मारला का दांडी माह्या बरगडीत रुतली.

"हं!" म्हणाले. "हं! हं!"

"चक्कर नाही आली," मी लोकायले म्हणलं. "मी हळू केलं. मी केलं."

मधुकरराव आले. घामानं थबथबले होते, थंडीत. पहिले वाकून यायची मान पाह्यली, हात-पाय पाह्यले. मंग सरळ झाले.

"झालं," ते म्हणाले. आवाज बारीक होता. "मी सांगितलं होतं, वहिनी. डबा द्या इकडे. ठराव संपला. मोतीले घरी न्या. बस झालं आता. त्याले बी आराम पाहिजे, तुम्हाले बी."

यायनं माती मुठीत घेतली नि माह्या अंगावर फेकली.

माती डोळ्यात गेली. तोंडात गेली. अन् मंग मले काय झालं कोण जाणे. पायापासून वर आलं.

"मारता? मले मारता?" मी ओरडली. रिंगणाच्या मधात उभी राहून, एवढ्या लोकायच्या समोर, पाह्यजे तेवढ्या मोठ्यानं. "त्या दिवाळीपासून तुमचं हागणं-मुतणं काढून राहिली, माती फेकता अंगावर? मान कायले टाकली मंग? कोणी सांगितलं होतं मान टाकाले? मले काय ठाव तुम्ही मेले का जिते?"

"हं!" हे ओरडले. थुंकी उडाली. डाव्या हातानं जमीन ठोकली. मान डाव्या खांद्यावर टाकून दाखवली, मंग सरळ केली, मंग पुन्हा टाकली. तार ओढते तिकडे कलतो म्हणे मी, बावळट बाई! बोलता येत नव्हतं पण शिवीसकट समजलं.

"तं आधी सांगाचं होतं!"

"हं!!"

"हं काय, हं? एक तं बोलत नाही, नि वरून टेंभा!"

लोकं मागं सरकले. गोंदियाच्या एका माणसानं चेहरा फिरवला. अश्विन म्हणे, "काकू, काकू, शांत व्हा." मी त्याले म्हणलं, "तू चूप बस रे, शेंबड्या. सगळे जण शांत, शांत! सगळे हळू बोलून बोलून या माणसाले मारून टाकून राहिले. मी बी त्यायच्यातच." मंग मले रडू आलं. भावाचं आलं का यायचं आलं का कोणाचं आलं माहीत नाही, पण असं आलं का मी तेथंच यायच्या बाजूले, गवतात, फतकल मारून बसली. पदरात तोंड घातलं. राग बी येत होता, रडू बी येत होतं, नि बरगडी दुखत होती. सगळं एकदम दुखाले लागलं. बाप्पा, किती दुखते माणसाले.

हे माह्याकडे पाहून राहिले. पाठीवर पडले होते, सदऱ्याले माती, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ. राग उतरला नव्हता. बोट त्या विमानाकडे केलं. मंग माह्याकडे. मंग पुन्हा विमानाकडे.

प्रत्येकाले दोन पाळ्या असते आमच्या स्पर्धेत. एक झाली होती.

"वहिनी, डबा," मधुकरराव पुन्हा म्हणाले. हात पुढं केला होता.

मी डोळे पुसले. "देत नाही," म्हणलं. "दुसरी पाळी हाये त्यायची."

"वहिनी, पागलपणा करू नोका. काही झालं तं मी काय तोंड दाखवू? मोती मेला तं?"

"मेले तं मेले! तुमच्या अंगणात खुर्चीत बसून बी मरतीनच. भाऊजी, पहिल्या पाळीत चूक माही होती, यायची नाही. यायनं तं पाठीवर पडून बी विमान वाचवलं. तुम्ही असते तं वाचवलं असतं? खरं सांगा."

मधुकररावानं यायच्याकडे पाह्यलं. हे खालूनच त्यायच्याकडे डोळे वटारून पाहून राहिले होते. भजेवाल्यानं बी झारा थांबवला होता.

"पंखा बदल रे अश्विन," शेवटी मधुकरराव म्हणाले, कोणाकडे न पाहता. "चाक लाव. अन् खुंट्या लांब ठोका. वहिनी, आता मधात हात लावला तं ठराव गेला, नि तुमचा नवरा बी गेला रिंगणातून. कायमचा. मले पुन्हा विचाराले येऊ नोका."

खुर्ची पुन्हा लागली. यायले बसवलं. यावेळी कोणी हळू बोललं नाही, हळू बोलाले कोणाची हिंमत नव्हती. मी सदऱ्याची माती झाडली नाही. राहू दे म्हणलं.

कडेले येऊन बसली. पदर खोचला. इंजिन पेटलं. विमान मागून धरलं. भेव वाटत होतं, मले भल्लं भेव वाटत होतं. पळून जावं वाटलं, विमान धरून ठेवावं वाटलं, टाकी संपेपर्यंत असंच धरून ठेवावं. यायनं मान हलवली. मी सोडत नाही पाहून पुन्हा हलवली, भिवया वर करून, खेकसून.

सोडलं.

उठलं. एक फेरा, दोन फेरे. ताठ. मी दांडी पार पुढं दाबून धरली, दोन्ही अंगठ्यानं, एकावर एक. चौथ्या फेऱ्याले यायची मान कलली. डाव्या खांद्यावर, पार खाली. तारेनं कलली का जीवानं कलली, एवढ्या दुरून कोणाले दिसते? अश्विन मागून म्हणाला, "काकू..."

माहे अंगठे पांढरे पडले. मी रडून राहिली होती, मोठ्यानं, लाज सोडून. अन् दांडी पुढंच दाबून धरली होती.